राबाला मी कचरा म्हणालो

तो व्हिडिओ मी काढला. मार्च महिन्यातल्या एका सकाळी, नवव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून, बनियनवर उभा राहून. त्यात खालच्या शेतातून निघणारा धूर दिसतो आणि माझा आवाज ऐकू येतो. "बघा, भरवस्तीत कचरा जाळतायत. या लोकांना कोणी विचारणारं आहे की नाही?"

तो कचरा नव्हता. तो राब होता. आधी मला ते माहीत नव्हतं, नंतर कळलं, असं मी बरेच महिने स्वतःला सांगत राहिलो. तेही खोटं. धुराचा पहिला वास नाकात गेला तेव्हाच मला कळलं होतं.

भातशेतीशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. फाल्गुन-चैत्रात शेताच्या एका कोपऱ्यात शेण, पालापाचोळा, झाडांच्या छाटलेल्या फांद्या आणि गवत यांचे थर रचतात, वरून माती पसरतात आणि ते सगळं सावकाश भाजतात. तण मरतं, माती भुसभुशीत होते आणि पाऊस आला की त्याच तुकड्यात भाताची रोपं वाढवतात. पुढे ती उपटून सगळ्या शेतात लावायची. ठाणे जिल्ह्यात याला राब म्हणतात. आमच्या रत्नागिरीकडच्या गावी दाढ भाजणं म्हणतात. बारावीपर्यंत मी गावी होतो. वडिलांच्या मागून फांद्यांचे भारे डोक्यावरून आणलेत, भाजताना डोळे चुरचुरेपर्यंत त्या धुरात उभा राहिलोय. तो वास मी झोपेतही ओळखला असता. माझ्या बायकोचं माहेर साताऱ्याकडचं, तिकडे राब नसतो. आमच्या सोसायटीतल्या बहुतेकांनाही तो माहीत नव्हता. मला माहीत होता, आणि कचरा म्हणणारा मीच होतो.

त्या सकाळी मी रागात होतो. त्या रागाची मला आजही लाज वाटत नाही. तो जिथे काढला, त्याची वाटते.

आम्ही डोंबिवलीला, कल्याण-शीळ रस्त्याच्या आतल्या बाजूला राहतो. आमच्या कुंपणाला लागून ते शेत. शेतापलीकडे आरएमसी प्लांट, म्हणजे खडी-सिमेंट कालवून तयार काँक्रीट ट्रकांत भरणारा कारखाना. त्याच्याही पलीकडे, नजरेच्या टप्प्यात, औद्योगिक वसाहतीच्या चिमण्या. फ्लॅट घेताना बिल्डरच्या माणसाने शेताकडे बोट दाखवून "ओपन व्ह्यू" म्हणून सांगितलं होतं. चिमण्यांबद्दल त्याने काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पावसाळ्यात इथली हवा धुतल्यासारखी असते. दसरा झाला, पाऊस गेला, खाडीवरचं वारं पडलं, की सुरू होतं. संध्याकाळी एक वास उतरतो. कधी सडलेल्या कोबीसारखा, कधी नेलपॉलिशसारखा गोडसर. सकाळी उठून बघावं तर प्लांट दिसत नाही, समोरची इमारतही अर्धीच दिसते. लोक म्हणतात, काय मस्त धुकं पडलंय. मुलं गच्चीवर जाऊन फोटो काढतात. खिडकीच्या कट्ट्यावर बोट फिरवलं की राखाडी रेघ उमटते. पुसून ऑफिसला जावं आणि परत येऊन पुन्हा पुसावं.

इथल्या तिसऱ्या हिवाळ्यात माझ्या बायकोला दमा सुरू झाला. त्याआधी तिला साधी सर्दीही क्वचित व्हायची. डॉक्टरांनी छाती तपासली, पंप लिहून दिला आणि विचारलं, "राहायला कुठे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "हं."  मग कागद माझ्याकडे सरकवत म्हणाले, "जूनमध्ये बरं वाटेल." म्हणजे नोव्हेंबर ते मे तिने काय करायचं?

तक्रारी मी केल्या. सलग तीन हिवाळे केल्या. फोनवरचा मुलगा दर वेळी वेगळा असायचा आणि उत्तर तेच असायचं.

"सर, ते धुकं आहे."

"धुक्याला वास येतो का हो?"

"सर, वारा पडलाय ना. वाऱ्याची दिशा बदलली की जाईल."

"म्हणजे वाऱ्याकडे तक्रार करू का मी?"

"सर, तुमचा एरिया आमच्यात येत नाही. दुसरा नंबर देतो, लिहून घ्या."

दुसऱ्या नंबरावरची बाई म्हणायची, कंपनीचं नाव सांगा. मी म्हणायचो, बाई, तिथे एवढ्या कंपन्या आहेत, अंधारात वासावरून नाव कसं ओळखू? ती म्हणायची, नावाशिवाय तक्रार घेता येत नाही. प्लांटविषयी विचारलं की परवानगी आहे, रीतसर आहे, पाणी मारतात. पाणी मारताना मी कधी पाहिलं नाही. नाक्यावर हवेची प्रत दाखवणारा एक मोठा बोर्ड लावलाय. समोरचा सिग्नल धुरकटलेला असताना त्यावर हिरव्या अक्षरांत "समाधानकारक" लिहिलेलं मी वाचलंय. समाधान कोणाचं, ते त्यावर लिहिलेलं नसतं.

ठाण्यात घोडबंदर रोडला माझी बहीण राहते. तिला फोनवर हे सांगितलं की म्हणायची, "आमच्याकडे वास नाही रे, फक्त धूळ." फक्त धूळ. आणि हे ती अभिमानाने सांगायची. आपण कशाकशावर समाधान मानायला शिकलोय, या विचाराने माझं डोकं फिरायचं.

तर ती सकाळ. आदल्या संध्याकाळपासून तो गोडसर वास होता. खिडक्या बंद करून, फटींत ओले टॉवेल कोंबून आम्ही झोपलो होतो. सकाळी ती चहा टाकायला उठली आणि ओट्याला धरून खाली बसली. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. पंप दिला, पुन्हा दिला. तिचे ओठ निळसर दिसायला लागले तेव्हा मला पंपाचं टोपणसुद्धा नीट लावता येत नव्हतं. हळूहळू तिचा श्वास मोकळा झाला. ती भिंतीला टेकून म्हणाली, "चहा उतू जाईल, बघा."

गॅस बंद करून मी बाल्कनीत गेलो. कोणालातरी धरून हलवावं असं वाटत होतं. वसाहत त्या पांढुरक्या पडद्याआड होती. प्लांटचा नुसता घरघराट ऐकू येत होता. आणि खाली, अगदी समोर, स्वच्छ दिसत होती एक बाई. साठीच्या पुढची, लुगडं खोचलेली, हातात लांब काठी. ती तुकड्याच्या कडेने सावकाश फिरत होती आणि तिच्या पायाशी धूर निघत होता. शेण, पाला, वाळकं गवत. मी वास घेतला, मला कळलं आणि मी मोबाइल काढला.

धूर तो धूरच, हे खरं. माझ्या बायकोच्या छातीला राब आणि रसायन यांतला फरक कळत नाही. पण तो धूर वर्षातून एका सकाळचा होता. आणि मुख्य म्हणजे तो दिसत होता. त्याला माणूस होतं. तीन वर्षं मी ज्यांना शोधत होतो त्यांना ना तोंड होतं ना नाव, आणि इथे एक बाई काठी घेऊन उभी होती. मी तिला धरलं.

व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, पालिकेच्या तक्रारींच्या अ‍ॅपवर टाकला. बाजूच्या कॉम्प्लेक्सवाल्यांनी तो पुढे पाठवला. दुपारच्या आत शेताच्या बांधावर पालिकेची गाडी उभी होती. तिच्यामागे पाण्याचा टँकर.

दुपारच्या आत. तीन हिवाळे ज्यांना माझा एरिया सापडत नव्हता त्यांना ते शेत दोन-तीन तासांत सापडलं. कंपनीचं नाव विचारलं नाही, हद्द विचारली नाही, वारा विचारला नाही. दोन माणसांनी पाइप धरला आणि अर्धा भाजलेला राब चिखल होईपर्यंत त्यावर पाणी मारलं. तिला दंडाची पावती दिली. मला तेव्हाच खाली जायला हवं होतं. नवव्या मजल्यावरून मी बघत राहिलो. आमच्या सगळ्या बाल्कन्यांत माणसं उभी होती.

त्या बाईने काठी टाकली आणि वर बघून ओरडून बोलली. "काय रं, तमाशा हाय काय? येवढे वर ऱ्हाताव, मंग पेज खायला तरी खाली या."

लोक हसले. मीही हसलो.

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. चेअरमन लिफ्टमध्ये भेटले. म्हणाले, "साहेब, तुम्ही करून दाखवलंत. या गाववाल्यांना असंच पाहिजे." मी म्हणालो, "अहो, कोणीतरी करायला हवं ना." संध्याकाळी बायकोने विचारलं, "कशाचा धूर होता तो?"

"कचऱ्याचा," मी म्हणालो.

"शेणासारखा वास येत होता."

"असेल त्यात शेण."

ती साताऱ्याची आहे म्हणून मला हे चालवून नेता आलं.

आमच्या गेटवरचा वॉचमन त्या शेतवाल्या बाईच्याच गावचा. काही दिवसांनी मी सहज विचारल्यासारखं केलं, ते शेत कोणाचं? तो सांगू लागला. घर पैसेवालं आहे. पूर्वी त्यांची खाडीकडे मिठागरं होती, ती गेली. इकडची बरीच जमीन बिल्डरला गेली, त्यातून इमारत उभी राहिली, बाईचा पोरगा भाड्यावर जगतो. हा एक तुकडा तेवढा राहिलाय. तिचा दीर आणि पोरगा दोघंही तो प्लांटला भाड्याने द्यायला टपलेत. "काकूंनी अडवून धरलंय," तो म्हणाला. "बोलल्या, जोवर घरचं भात होतंय तोवर नाय देनार. कुठशी व्हतंय आता भात? पावती फाडली ना. कोनीतरी वरून फोटो काढलेला."

"कोणी?" मी विचारलं.

"काय माहीत. त्यांच्या दीरानंच कुनाकडून काढवला असंल. तोच मागे लागलेला."

तेव्हाही सांगता आलं असतं. राब पुन्हा रचून भाजायला वेळ होता. ग्रुपवर एक ओळ टाकली असती, हा राब आहे, शेतीचं काम आहे, माझी चूक झाली, तर पुढच्या वेळी फोन करणाऱ्याने निदान विचार केला असता. मी ती ओळ टाइप केलीही. मग वाटलं, लोक काय म्हणतील. ओळ पुसली आणि त्याच ग्रुपवर पाण्याच्या मोटरविषयी काहीतरी लिहिलं.

जून आला. बायकोला बरं वाटायला लागलं, डॉक्टर म्हणाले होते तसं. खिडक्या उघडल्या आणि सगळे सगळं विसरले. दर वर्षी हेच होतं. चार महिने हवा धुऊन मिळते आणि तक्रार करणाऱ्यांचं तोंडही त्यात धुऊन जातं. ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते पावसाची वाट बघत असतात, हे आता मला पाठ झालंय.

खालच्या शेतात मात्र त्या वर्षी रोपांचा हिरवा चौकोन दिसला नाही. भिजलेल्या राबातून आधी तणच वर आलं. तरीही तिने पेरलं होतं, मला दिसलं होतं. रोप धरलं नाही. एरवी जुलैत शेतभर पाणी साचायचं, बायका ओळीने वाकलेल्या असायच्या. त्या जुलैत शेत नुसतं गवताने माजलं.

पाऊस संपल्यावर बुलडोझर आला. शेतावर भराव पडला, त्यावर खडीचे ढीग, बारीक काळ्या चुरीचे ढीग, मिक्सर गाड्यांची रांग. प्लांट आणि आम्ही यांच्यामध्ये जो एक मोकळा तुकडा होता, तो आता प्लांटच झाला. आमच्या कुंपणाला लागून रिव्हर्स घेणाऱ्या गाड्यांचं पिप-पिप सकाळपासून सुरू व्हायचं आणि प्रत्येक गाडीमागे धुळीचा लोट उठून आमच्या बेडरूमपर्यंत यायचा. ग्रुपवर संताप उसळला. चेअरमनने मलाच गळ घातली, "साहेब, तुमचा हात चांगला आहे, एक व्हिडिओ काढा ना."

काढला. अ‍ॅपवर टाकला. उत्तर आलं की तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे. पुढच्या आठवड्यात तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. कोणीही आलं नव्हतं. यावर मी चिडलो, अजूनही चिडलेलो आहे, मरेपर्यंत चिडलेला राहीन. एका बाईच्या शेणापाल्यावर टँकर धावतो आणि खडीच्या डोंगराला कोणी हातही लावत नाही. आणि ज्या काँक्रीटसाठी हा डोंगर आहे ते आमच्याच इमारतींत, आमच्याच रस्त्यांत जातं. खड्डे पडले म्हणून काँक्रीटचे रस्ते मागणाऱ्या निवेदनावरही माझी सही आहे. पण हे सगळं म्हणून झाल्यावरही एक गोष्ट उरायची. टँकरला पत्ता मी दिला होता.

त्या जानेवारीत बायकोचा पंप दिवसातून चार वेळा व्हायला लागला. एका रविवारी ती खिडकीची काच पुसत होती, तोंडाला ओढणी बांधून. म्हणाली, "ते शेत होतं तेव्हा बरं होतं हो. त्या बाईने का दिलं असेल?"

मी तिथेच पलंगावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. राब म्हणजे काय, आमच्या गावी काय म्हणतात, मला केव्हा कळलं, वॉचमन काय म्हणाला. ती फडकं हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे त्या दिवशी मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मी सगळीकडे सांगत फिरले, आमच्या ह्यांनी कचरा जाळणं बंद केलं म्हणून. भाजीवालीलासुद्धा सांगितलं." तिला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाली, "मला कशाला सांगताय? जिचं शेत होतं तिला सांगा. आणि माझ्या दम्याचं रडगाणं गाऊ नका तिथे. माझ्या नावावर काही खपवू नका."

गाव आमच्या मागेच आहे, चालत जाण्याइतकं. इतक्या वर्षांत मी त्या गल्लीत शिरलो नव्हतो. ती ओट्यावर उन्हात बसून सुपात जवळा निवडत होती. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"रूम पायजे? पोरगा घरात नाय. वन बीएचके एक खाली हाय, पन बॅचलरला नाय देत."

"रूम नको, मावशी. मी त्या समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये राहतो."

"मंग पान्याचं असंल. टँकर आमचा नाय, आमच्या चुलत्याचा हाय. त्याच्याकडं जा भांडायला."

"पाण्याचं नाही. राबाचं आहे. मागच्या वर्षी तुमच्या राबावर पाणी मारलं ना, तो व्हिडिओ मी काढला होता."

तिचे हात थांबले नाहीत. जवळ्यातले खडे, काड्या ती बाजूला टाकत राहिली. मग म्हणाली, "तू?"

"हो."

"आमच्या दीरानं नाय?"

"नाही. ते त्यात कुठेच नव्हते."

आता हात थांबले. सूप तिने बाजूला ठेवलं. "मी त्याला काय काय बोललंय, तुला ठावं हाय? त्याच्या नातवाच्या बारशाला नाय गेले. समोर घर हाय, बग, ते. वरीस झाला, त्या दारात पाय नाय टाकला. तो शपथा घेत व्हता, मी नाय केला म्हनून. मी बोलले, तुला भाडं खायाचं हाय, दुसरा कोन करील?"

मला हे माहीत नव्हतं. वॉचमनने दिराचं नाव घेतलं होतं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, इतकंच. मी म्हणालो, "मावशी, मी माफी मागायला आलोय."

"मंग माजी कशाला मागतस? शेत तर गेला. पोरानं करार केलाय, आता तो थोडाच परत येनार." ती उठली, चपला शोधल्या. "चल."

"कुठे?"

"त्याच्या दारात. मी बोलले तर त्याला वाटंल, म्हातारी खोटं बोलते. तू बोल."

गल्ली ओलांडायला चार-पाच पावलं. ती पुढे, मी मागे. दिराच्या दाराशी ती थांबली, उंबऱ्याच्या अलीकडेच. आतून टीव्हीचा आवाज येत होता. तिने कडी वाजवली नाही, नुसती खाकरली. बनियन घातलेला एक म्हातारा बाहेर आला. आधी तिला पाहिलं, मग मला, मग पुन्हा तिला.  तिने कोपराने मला पुढे ढकललं.

मी हात जोडले. म्हणालो, "काका, मागच्या वर्षी राबाची तक्रार मी केली होती. तुम्ही नाही. मी कोकणातला आहे, आमच्याकडेही भाजतात, तो राब आहे हे मला दिसत होतं. तरी मी कचरा म्हणून सांगितलं, आणि तुमच्यावर आळ आला हे कानावर येऊनही गप्प बसलो. तुमचं शेत गेलं, तुमच्या घरात बोलणं बंद झालं, ते माझ्यामुळे. मी तुम्हा दोघांचीही माफी मागतो."